कार्बनचा हिशेब चोख, धुराचा राहून गेलेला : कुपवाडच्या फौंड्रींसाठी घेतलेल्या सल्लासेवेचे परीक्षण

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील आम्हा काही फौंड्रीचालकांनी मिळून पुण्यातील एका सल्लागार संस्थेकडून कार्बन-हिशेबाची सेवा घेतली. सेवेचे दोन भाग होते. पहिल्या भागात प्रत्येक कारखान्यात एक टन चांगले कास्टिंग (ओतीव नग) तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, याचे मोजमाप होणार होते. दुसऱ्या भागात सांगली-सातारा पट्ट्यातील कोणते उद्योग कार्बन बाजारात, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या क्रेडिटांच्या खरेदी-विक्रीत, उतरण्यास योग्य आहेत, याची कारणांसह क्रमवारी मिळणार होती. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण जी उणीव मला महत्त्वाची वाटते ती या प्रकारच्या सेवेच्या आखणीतच आहे आणि दुसऱ्या संस्थेकडे गेल्यानेही ती आपोआप भरून निघणार नाही. पहिल्या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि दुसऱ्या भागाला दोनच.

अशी सेवा लहान फौंड्रीला का लागावी, असा प्रश्न वसाहतीतील अनेकांनी विचारला. आमचा बराचसा माल पुणे आणि कोल्हापूर येथील कंपन्यांच्या यंत्रांत बसून पुढे परदेशी जातो. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांवर सीमेवरील कार्बन आकारणी आणली असून ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती देण्याचा टप्पा होता, तर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक जबाबदारीचा टप्पा सुरू झाला आहे. त्या यादीत नट-बोल्टसारख्या वस्तूही आहेत. त्यामुळे मोठे ग्राहक आता पुरवठादारांना दराबरोबर टनामागच्या उत्सर्जनाचा आकडाही मागतात, आणि तो देता आला नाही तर पुढील चौकशी येईलच याची खात्री राहत नाही. दुसरीकडे देशातही केंद्र सरकारने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. या बाजारात आपली जागा कोठे, की आपण त्यात मुळातच नाही, हे जाणकाराकडून समजून घेणे आम्हाला आवश्यक वाटले.

मोजमापाच्या कामात संस्थेच्या अभियंत्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांनी वीजबिलांवर आणि खरेदीच्या पावत्यांवर विसंबून न राहता भट्टीला स्वतंत्र मीटर लावले, प्रत्येक हीटचा (भट्टीच्या एका फेरीचा) चार्ज म्हणजे भट्टीत टाकलेला माल, ओतलेल्या धातूचे तापमान आणि धातू वितळल्यानंतर साचे तयार होईपर्यंत भट्टी किती वेळ धरून ठेवली जाते याची नोंद घेतली. आमच्याकडे इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन बिडाचा रस करण्यासाठी ५५० ते ६५० युनिट वीज लागते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ती वीज नेमकी कोठे वाढते हे मात्र कोणी पाहिलेले नव्हते. मोल्डिंग मागे पडल्यामुळे तयार रस भट्टीत तिष्ठत राहणे, भट्टीचे झाकण उघडे राहणे, ओलसर व गंजलेले भंगार टाकणे आणि कॉम्प्रेसरच्या वाहिन्यांतील गळती, या चार गोष्टी त्यांनी आकड्यांसह दाखवून दिल्या. यातील एकाही दुरुस्तीला मोठी गुंतवणूक लागत नाही.

मला सर्वाधिक आवडलेला भाग रिजेक्शनचा होता. उत्सर्जन वितळवलेल्या धातूच्या टनावर न भागता ग्राहकाने स्वीकारलेल्या कास्टिंगच्या टनावर भागले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यामुळे ब्लोहोल (धातूत राहिलेली हवेची पोकळी) किंवा वाळूच्या दोषामुळे परत आलेला प्रत्येक नग पुन्हा वितळवताना दुप्पट वीज खातो हे तक्त्यात स्पष्ट दिसू लागले, आणि गुणवत्ता विभाग व भट्टी विभाग प्रथमच एकाच कागदावर बोलू लागले. ज्यांना कार्बन बाजाराशी काही देणेघेणे नाही, त्यांनीही केवळ एवढ्या भागासाठी ही सेवा घ्यावी, असे मी मनापासून सांगेन.

एक गैरसमजही त्यांनी नीट दूर केला. आपल्या शेजारी साताऱ्यात १,९६० मेगावॉट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प आहे, चाळकेवाडी व वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या आहेत, तेव्हा आपली वीज स्वच्छच आहे, असे आमच्यापैकी अनेकांना वाटत होते. परंतु वीज एकाच जाळ्यातून येत असल्यामुळे हिशेबात देशाच्या ग्रीडची सरासरी धरावी लागते आणि ती एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड इतकी आहे. डोंगरावर पाती फिरताना दिसतात म्हणून आपल्या बिलातील युनिट हलके होत नाही. त्यासाठी स्वतःची सौर यंत्रणा उभारावी लागते किंवा हरित वीज स्वतंत्र कराराने विकत घ्यावी लागते.

येथपर्यंत सारे चोख होते. अडचण सुरू झाली ती क्युपोलाच्या प्रकरणापासून. आमच्या गटातील काही कारखाने अजून क्युपोला, म्हणजे कोकवर (दगडी कोळशापासून केलेल्या इंधनावर) चालणारी उभी भट्टी, वापरतात. पारंपरिक क्युपोलाला टनामागे १२० ते १५० किलो कोक लागतो असे धरले आणि राखेचे प्रमाण पाहता एका किलो कोकपासून तीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो असे मानले, तर टनामागे साधारण ३६० ते ४५० किलो इतका आकडा येतो. इंडक्शन फर्नेसच्या ६०० युनिटांना ०.७ ने गुणले तर ४२० किलो येतात. अहवालाने हे दोन आकडे शेजारी मांडले आणि क्युपोलाऐवजी इंडक्शन फर्नेस बसवल्याने कार्बनच्या दृष्टीने ‘लक्षणीय लाभ नाही’, म्हणून हा बदल प्राधान्याने करण्याची गरज नाही, असा निष्कर्ष काढला.

गणित बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. क्युपोलाच्या तोंडातून कोकची धूळ, धातूच्या वाफांचे कण, गंधकाचा वायू आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात, आणि ते वसाहतीच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या कामगारांच्या घरांवर उतरतात. इंडक्शन फर्नेसचा धूर मुख्यतः दूरच्या औष्णिक केंद्राच्या उंच चिमणीतून जातो. तोही निरुपद्रवी नाही, तेथील लोकांना तो भोगावा लागतोच. परंतु तेथे कण पकडणारी मोठी यंत्रणा बसवलेली असते, आणि ग्रीडमध्ये सौर-पवन वीज वाढेल तसा त्या युनिटमागचा भार कमी होत जाईल. कोकचा भार कधीच कमी होणार नाही. कार्बन डायऑक्साइड कोठेही सोडला तरी पृथ्वीवर त्याचा परिणाम सारखाच होतो. धुळीचा कण मात्र जेथे सुटतो तेथील माणसाच्या फुप्फुसात जातो. हा फरक ज्या हिशेबात नाही, तो हिशेब उद्योगांची निवड करण्यास अपुरा आहे.

हे सांगलीत विशेष जाणवण्याचे कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेच्या गुणवत्तेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सांगलीचे नाव आहे. मोठे महानगर नसूनही ते त्या यादीत आहे. पीएम १० या हवेतील बारीक धूळकणांसाठी देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असून या कार्यक्रमाचे उद्दिष्ट अशा कणांचे प्रमाण घटवण्याचे आहे. म्हणजे एकाच शहरातील एकाच भट्टीवर सरकारचे दोन कार्यक्रम लागू होऊ शकतात, एक कार्बनचा आणि एक कणांचा, आणि आमच्या जाडजूड अहवालात दुसऱ्याचा उल्लेखही नव्हता. आमच्या शॉट ब्लास्टिंग आणि फेटलिंग (कास्टिंग साफ करण्याच्या व घासण्याच्या) विभागात उडणारी सिलिकाची धूळ तर कोणत्याच कार्बन तक्त्यात येत नाही, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही.

दुसऱ्या भागातील क्रमवारीकडे वळण्यापूर्वी देशपातळीवर उद्योग कसे निवडले गेले, हे पाहणे आवश्यक आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जाबचतीच्या ‘पॅट’ योजनेत आठ क्षेत्रांतील ४७८ मोठे ऊर्जाग्राहक कारखाने घेतले होते, आणि कार्बन योजनेची उभारणी त्याच पायावर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या उद्दिष्ट-नियमांत ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा-क्लोरीन) आणि लगदा-कागद या चार क्षेत्रांतील २८२ कारखाने आले. त्यांच्यासाठी २०२३-२४ हे आधारवर्ष असून २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी टनामागच्या उत्सर्जनाची उद्दिष्टे ठरवली आहेत. जो उद्दिष्टापेक्षा चांगले काम करतो त्याला क्रेडिट मिळते, एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा त्याच्याइतका परिणाम करणारा अन्य वायू. जो मागे पडतो त्याला ते विकत घ्यावे लागते.

सिमेंट पहिल्या यादीत असणे मला पूर्णपणे पटते. कारखाने थोडे आणि मोठे, माल जवळजवळ एकसारखा, आणि उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग इंधनातून न येता चुनखडी भाजताना दगडातूनच येतो, त्यामुळे क्लिंकरच्या (भट्टीतून निघणाऱ्या भाजलेल्या गोळ्यांच्या) जागी फ्लायॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद भट्टीतील मळी) वापरणाऱ्याला बाजारातून मोबदला मिळण्यात अर्थ आहे. फौंड्रीचे याच्या नेमके उलट आहे. कारखाने असंख्य आणि लहान, एक जण पंपाचे केसिंग ओततो, दुसरा ट्रॅक्टरचे भाग, तिसरा एसजी आयर्नचे (चिवट बिडाचे) बारीक नग. ‘टनामागे’ हा एकच मापदंड सर्वांना लावला तर जाड आणि सोपे कास्टिंग करणारा काहीही न सुधारता क्रेडिट कमावेल. शिवाय दरवर्षीच्या पडताळणीचा खर्चच लहान कारखान्याच्या संभाव्य क्रेडिटांपेक्षा जास्त होईल. संस्थेने फौंड्रींना सक्तीच्या बाजारासाठी अयोग्य ठरवले, ते योग्यच आहे. कारण मात्र एका वाक्यात उरकले.

औष्णिक वीज या यादीत नाही, ही गोष्ट मला खटकते. अमेरिकेने १९९० च्या कायद्यानुसार गंधकाच्या वायूचा बाजार आखला तेव्हा १९९५ च्या पहिल्या टप्प्यासाठी ११० वीजकेंद्रेच निवडली, कारण चिमण्या मोजक्या होत्या आणि प्रत्येकीवर अखंड मोजणारे उपकरण बसवता येत होते. चीनने जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय कार्बन बाजार सुरू करताना दोन हजारांहून अधिक वीजकेंद्रांपासूनच आरंभ केला; पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियम तेथे २०२५ मध्ये आले. आपल्याकडे वीजच बाहेर असल्यामुळे आमच्यासारखा विजेवर चालणारा कारखाना कितीही सुधारला, तरी त्याच्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा त्याच्या हातात राहत नाही.

आता संस्थेच्या क्रमवारीविषयी. सांगली-साताऱ्यात चुनखडी भाजणाऱ्या सिमेंट भट्ट्या किंवा ॲल्युमिनियम वितळवून काढणारे मोठे प्रकल्प नाहीत. येथील मोठे धुराडे म्हणजे साखर कारखान्यांचे. अहवालाने बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज तयार करणाऱ्या सहवीज प्रकल्पांना पहिले स्थान दिले. ऊस वाढताना जो कार्बन हवेतून घेतो तोच बगॅस जाळताना परत जातो, म्हणून हिशेबात तो शून्य धरला जातो, आणि ग्रीडला दिलेली वीज कोळशाची वीज वाचवते. हिशेबाच्या चौकटीत हे बसते. परंतु यातील बरेच प्रकल्प वर्षानुवर्षे चालू आहेत आणि क्रेडिट मिळाले नाही म्हणून ते बंद होणार नाहीत. जी बचत आधीपासूनच होत आहे तिच्यावर क्रेडिट दिले, तर ते विकत घेणारा दुसरीकडे तेवढे उत्सर्जन करण्यास मोकळा होतो आणि एकूण हवेतला कार्बन रतीभरही घटत नाही. हा आक्षेप नवा नाही. क्योटो करारातील, विकसनशील देशांतील प्रकल्पांना क्रेडिट देणाऱ्या स्वच्छ विकास यंत्रणेच्या काळातही तो सातत्याने घेतला गेला होता, आणि अहवालात त्याला उत्तर असायला हवे होते.

त्याहून गंभीर बाब म्हणजे बगॅसच्या बॉयलरची राख. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात आणि द्राक्षबागांच्या पानांवर काळी काजळी पडते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. कार्बनच्या तक्त्यात तो बॉयलर शून्य आहे. श्वासाच्या तक्त्यात शून्य नाही. ओला बगॅस, अर्धवट जळण आणि नीट न चाललेला स्क्रबर (धूर पाण्याने धुणारी यंत्रणा) किंवा कण पकडणारी यंत्रणा असेल, तर तोच ‘हरित’ बॉयलर जिल्ह्यातील हवा बिघडवणाऱ्यांत पुढे असू शकतो. कार्बन क्रेडिट देण्यासाठी निवडलेल्या उद्योगाची राख-धूळ मोजल्याशिवाय त्याला क्रेडिट देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो आपल्या शेजारच्या राज्यातच आहे. सुरतेत २०१९ पासून धुळीच्या कणांचा बाजार चालवला गेला. जगात कणांसाठी असा बाजार प्रथमच चालला. तेथील तीनशेहून अधिक कारखाने, बहुतेक कापड उद्योगातील, कोळसा व लाकूड जाळणाऱ्या बॉयलरांसह त्यात घेतले, चिमण्यांवर अखंड मोजणी करणारी उपकरणे बसवली आणि काही कारखाने बाजारात व उर्वरित जुन्याच नियमांखाली ठेवून तुलना केली. बाजारातील कारखान्यांचे कण-उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले, आणि जवळजवळ सर्वांनी आपल्या उत्सर्जनाइतके परवाने (धूळ सोडण्याचे खरेदी-विक्री करता येणारे हक्क) भरले. तेथे एकूण धुळीवर मर्यादा होती. टनामागच्या धुळीवर नव्हती. हा भेद मोठा आहे. देशाच्या कार्बन योजनेत मर्यादा टनामागे असल्यामुळे उत्पादन दुप्पट झाले आणि टनामागचा आकडा उद्दिष्टापेक्षा थोडा खाली गेला, तर कारखाना क्रेडिट कमावतो आणि गावात धूर मात्र वाढतो.

साखर कारखाने आणि डिस्टिलरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १७ अतिप्रदूषणकारी गटांत मोडतात आणि त्यांना अखंड मोजणी करणारी उपकरणे बसवणे बंधनकारक आहे. म्हणजे धुळीच्या बाजारासाठी लागणारी पहिली पायरी कृष्णाकाठच्या कारखान्यांत आधीच पडलेली आहे. कारखाने मोजके, हंगाम एकाच वेळचा, इंधन एकसारखे आणि चिमण्या मोठ्या. उद्योग निवडताना जे निकष सिमेंटला कार्बनसाठी लागू पडतात, तेच साखर बॉयलरला धुळीसाठी लागू पडतात. उपकरणांची नियमित तपासणी आणि बाहेरच्या पडताळणीची सोय एवढेच जास्तीचे करावे लागेल. मी क्रमवारी लावली असती तर साखर बॉयलर धुळीच्या बाजारात पहिले ठेवले असते आणि कार्बन क्रेडिटमध्ये केवळ नव्याने केलेल्या सुधारणेपुरते. क्युपोला कोणत्याही बाजारात न ठेवता ठरावीक मुदतीत बदलण्याच्या यादीत टाकला असता, आणि त्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या व्याजसवलतीच्या योजनांची माहिती जोडली असती. विट्याच्या यंत्रमागांना धूर नाही, फक्त वीज आहे. त्यांना बाजारापेक्षा कार्यक्षम मोटर आणि छतावरील सौर पॅनेल अधिक उपयोगाचे.

सेवेच्या इतर बाबी थोडक्यात. शुल्क गटाने वाटून घेतल्यामुळे परवडले. एकट्या लहान फौंड्रीला ते जड जाईल. अहवाल ठरलेल्या मुदतीनंतर आला, मात्र उशिराचे कारण त्यांनी वेळीच कळवले. मूळ अहवाल इंग्रजीत होता आणि आम्ही मागितल्यावर मराठी गोषवारा मिळाला. भट्टीवर काम करणाऱ्या मेल्टरला कळेल असा एक पानाचा तक्ता मात्र त्यांनी स्वतःहून दिला आणि तो आजही भिंतीवर आहे. प्रश्न विचारले की उत्तर येते, टाळाटाळ होत नाही. क्युपोलाच्या निष्कर्षावरील माझा आक्षेप त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि ‘तो आमच्या कामाच्या व्याप्तीत नव्हता’ असे उत्तर दिले. करारनामा पुन्हा वाचला तर ते शब्दशः खरे आहे.

म्हणून ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्या कुपवाड, मिरज, पलूस, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) किंवा कराडच्या उद्योजकांना माझी विनंती अशी की, व्याप्तीचा मसुदा सल्लागाराला लिहू देऊ नका. कार्बनच्या प्रत्येक तक्त्याशेजारी कण, गंधकाचा वायू आणि कामाच्या जागेवरील सिलिका यांचे रकाने मागा. ज्या सुधारणेने कार्बन आणि धूळ दोन्ही घटतात ती वेगळी दाखवायला सांगा. आणि क्रेडिटच्या उत्पन्नाचा अंदाज दिला असेल, तर पडताळणीचा वार्षिक खर्च त्यातून वजा केलेला आहे का ते विचारा. आमच्या गटाने पुढील वर्षाच्या नूतनीकरणासाठी याच तीन अटी घातल्या आहेत. पहिल्या दोन अटी संस्थेने मान्य केल्या आहेत, आणि कण मोजण्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची मदत घेण्याचा जादा खर्च कोणी सोसायचा याविषयी सध्या बोलणी चालू आहेत.